आईच्या दोन लाखांबाबत

मी, चिराग रामकृष्ण वानखेडे, वय २७, शिक्षण नववीपर्यंत, राहणार अधारताल, जबलपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. मंगळवारी नागपूरला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. माझे डोके ठिकाणावर आहे. मी रागात आहे, पण रागावलेल्या माणसाचे मृत्युपत्रही चालते, हे मी वकीलसाहेबांना दोनदा विचारून घेतले.

१. बँकेतील मुदत ठेव, रुपये एक्क्याण्णव हजार, व्याजासह माझी आई राधाबाई हिला मिळावी. तिथे नॉमिनी म्हणून माझे जीजाजी श्यामसुंदर यांचे नाव आहे. फॉर्म त्यांनीच भरला होता, मी फक्त सही केली. नॉमिनी पैसे सांभाळतो, मालक होत नाही. त्यांनी रक्कम उचलून त्याच आठवड्यात आईच्या हातात द्यावी. तिच्या भल्यासाठी म्हणून कुठेही लावू नये.

२. हे पैसे कुठले, तेही लिहितो. देशभर दुकाने असलेल्या एका कंपनीच्या इथल्या कपड्यांच्या दुकानात मी चार वर्षे दारावर होतो. बाहेर निघणाऱ्याची पिशवी पाहायची आणि बिलावर शिक्का मारायचा. पगारातून मी त्याच कंपनीचे शेअर घेत गेलो. बाबा गेल्यावर आईला मिळालेले दोन लाखही जीजाजींनी तिथेच लावले, कारण रविवारी दुकानात पाय ठेवायला जागा नसे.

गेल्या वर्षी मे महिन्यात गर्दी तेवढीच होती, शिक्के कमी झाले. लोक एसीत उभे राहायचे, कुर्ता अंगाला लावून फोटो काढायचे आणि मोबाइलवरून दुसरीकडे स्वस्तात मागवायचे. आधीच्या मे महिन्यात रविवारचे सहाशे शिक्के पडत, आता दोनशे चाळीस. जेवताना मी म्हणालो, आईचे शेअर विकून टाकू. जीजाजींनी घास खाली ठेवला.

"दारावर शिक्के मारणारा मला मार्केट शिकवून राहिला. कधी चार्ट पाहिला का रे?"

सगळे हसले.

मी माझे शेअर जूनमध्ये विकले, ते पैसे म्हणजेच वरची ठेव. आईचे राहिले. जानेवारीत दुकान बंद झाले, माझी नोकरी गेली, आणि दोन लाखांचे आज बासष्ट हजार आहेत. जीजाजी सगळ्यांना सांगतात, मार्केटच खराब होते. खराब नव्हते, जीजाजी. बदलून राहिले होते, आणि तुम्हाला सांगितले होते.

३. रोज किती शिक्के पडले ते मी एका वहीत लिहीत असे; ती वही, पाने एकशे बारा, जीजाजींना द्यावी. वाचायची सक्ती नाही. फेकायची मनाई आहे.

४. लोखंडी कपाट माझी बहीण अवंतिकाताई हिला. त्या जेवणात तीही हसली होती. मी विसरलो नाही. पण तिला जीजाजींच्या घरात राहायचे आहे.

५. गाडी माझा दोस्त नथ्थू याला द्यायची होती. साक्षीदाराला काही लिहून देऊ नये असे वकीलसाहेब म्हणाले, म्हणून चावी आजच दिली. ब्रेक बदलून घ्यावेत.

६. माझ्या अस्थी तिलवारा घाटावर नर्मदेत सोडाव्यात. खर्च जीजाजींनी करू नये. तिथे त्यांनी बोलूही नये.

७. पहिल्या कलमातली रक्कम आईने बक्षीस समजू नये. मी माझे शेअर विकले तेव्हा ती शेजारीच बसली होती. तिचाही फोन माझ्या हातात होता, फक्त ओटीपी टाकायचा होता. ती म्हणाली, "माझेबी काढून टाक ना, बाप्पा. तुले समजते."

मी फोन तिला परत दिला. म्हणालो, "जीजाजींना विचार."

मनात होते, बुडू दे, मग त्यांना कळेल. बुडाले ते आईचे. त्यांना अजून कळलेले नाही. आईलाही हे माहीत नाही. मी तोंडाने सांगू शकलो नाही. बंद पडलेल्या त्या दुकानात काउंटरवर असलेल्या प्रणोती मॅडम यांच्याकडे हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम देतो. त्यांनी हे कलम आईला सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवावे. जीजाजी उठून जाऊ लागले तर जाऊ द्यावे. आईने पूर्ण ऐकावे.

सही: चिराग रामकृष्ण वानखेडे

माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या करणारे साक्षीदार:
१. नथ्थू बर्मन, गार्ड, रिछाई
२. प्रणोती खानझोडे, गढा

जबलपूर, १४ नोव्हेंबर २०२५