घोट्यात उतरलेलं दुखणं

बोरी अरब

प्रिय कुंदा,

तुझी वहिनी हे पत्र घेऊन येते आहे, तेव्हा घरची खुशाली तिच्या तोंडून ऐकशीलच. कपाशी बरी आहे, तूर मात्र पाण्यानं पिवळी पडली. तुझ्या लहानग्या गुंजनचा घसा मागे धरला होता म्हणत होतीस, तो आता कसा आहे? देवळात हरिपाठ रोज होतो. मी हल्ली नुसता टाळ धरून बसतो, म्हणत नाही. ओळ संपायच्या आधी श्वास संपतो.

हे तुला सांगितलं नव्हतं. चैत्रात आम्ही माहूरला गेलो, तेव्हा गडाच्या पायऱ्यांवर मी मध्येच खाली बसलो आणि तिथूनच रेणुकेला हात जोडले. सोबतचा शंकरसिंग म्हणाला, "भाऊ, मायनं तुले अर्ध्या वाटेतच दर्शन देल्लं." सारे हसले, मीही हसलो. वय झालं असेल असं वाटलं. पुढे आडवं पडलं तरी दम लागू लागला, तेव्हा वहिनीनं यवतमाळला नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं आपल्या सुरभीएवढ्या तरुण असतील. त्यांनी यंत्रावर माझं हृदय पाहिलं आणि विचारलं, लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते का? मला आधी काही आठवेना. मग एकदम हळदीचा वास आठवला.

तुलाही आठवत असेल, कारण वाटी तूच धरली होतीस. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळची खांदशेकणी होती. बाबा बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळत होते आणि मी ओसरीवर गुडघा धरून रडत होतो. त्याआधी घसा दुखून गेला होता, त्याचं कोणाला काही वाटलं नव्हतं. आई म्हणाली, "बैलाचा खांदा उतरते, तं पोराचा गुडघा काहून नाही उतरणार?" आणि उरलेलं हळद-लोणी माझ्या गुडघ्याला चोळलं. गुडघा खरंच बरा झाला. मग घोटा सुजला. आई खूश झाली. दुखणं खाली उतरून राह्यलं, म्हणाली, आता अंगठ्यातून निघून जाईल. थोड्या दिवसांनी घोटाही मोकळा झाला आणि मी शाळेत जाऊ लागलो. साऱ्यांनी हळदीवर विश्वास ठेवला. ठेवण्यासारखाच होता.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं ते असं. काही मुलांच्या घशात एक जंतू बसतो. शरीर त्याच्याशी लढतं, आणि लढता लढता आपल्याच सांध्यांवर, हृदयावर हात उचलतं. सांध्यांची सूज एकातून दुसऱ्यात फिरते आणि जाते. खूण ठेवत नाही. हृदयाच्या झडपेवर मात्र कधी कधी व्रण राहतो, आणि पुन्हा पुन्हा घसा धरला की तो वाढत जातो. वेळेवर कळलं तर पेनिसिलिनचं इंजेक्शन देतात, ते दर तीन-चार आठवड्यांनी पुढे कित्येक वर्षं घ्यावं लागतं, पण झडप सांभाळली जाते. माझी आखडली आहे. पोळा झाला की नागपूरला फुगा घालून ती उघडणार आहेत. त्याची मला फारशी भीती नाही. देवानं इतकी वर्षं अर्ध्या उघड्या दारातून चालवलं, पुढंही चालवील. आईवरही राग नाही. तिच्याजवळ जे होतं ते तिनं चोळलं.

मग हे सारं आज का लिहितो? परवा फोनवर तू सहज म्हणालीस, "गुंजनचा गुडघा बरा झाला दादा. आता दुखणं घोट्यात उतरलं, म्हणजे गेलंच समज." तेच शब्द, कुंदा, आणि तोच आईचा आवाज. दवाखान्यात दाखव म्हटलं, तर तू हसलीस, "तुले साऱ्याच्याच पायात तुझं दुखणं दिसते." फोनवर तू हसतेस आणि मग मला पुढे बोलता येत नाही, म्हणून लिहिलं. प्रत्येक सांधेदुखी ही नसते, हे मलाही ठाऊक आहे. पण ते घोट्याला हात लावून आपल्याला कळायचं नाही. डॉक्टरीणबाईंशी बोललो आहे, त्या उद्या सकाळी गुंजनला पाहतील. काही निघालं नाही, तर पोळ्याला ये आणि साऱ्यांसमोर मला हस. वहिनी दारातच उभी असेल. तिला चहाला थांबवू नको. गुंजनची पिशवी भर आणि दुपारच्या गाडीनं तिघी निघा. स्टँडवर मी उभा आहे.

तुझाच,
दादा