रिमोट म्हणजे दूरगामी

६ मार्च

चूक माझीच! दवाखान्याचं संमतीपत्र मी मराठीत केलं, दोन वर्षांपूर्वी, घाईत. मूळ वाक्य होतं: दृष्टी जाण्याचा धोका 'रिमोट' आहे. म्हणजे नगण्य. मी लिहिलं — 'धोका दूरगामी आहे.' रिमोट म्हणजे दूर, म्हणून दूरगामी! अक्कल गहाण ठेवली होती मी.

आज घड्याळवाले काका सही न करताच उठले. मोतीबिंदू पिकलाय, दुसरा डोळा लहानपणीच गेलेला. "असला धोका असेल तर आहे तेवढं दिसतंय तेच बरं," म्हणाले. एवढ्या साध्या ऑपरेशनला माणूस घाबरला कशाला, हे डॉक्टरांना कळेना. मला कळलं. पण बोलले नाही. भित्री!

७ मार्च

आणखी किती जण असेच परत गेले असतील? विचारसुद्धा करवत नाही.

८ मार्च

हिय्या करून डॉक्टरांना सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "आधी त्यांना जाऊन सांगा. हजारात एखाद्याचा डोळा जातो, असं स्पष्ट सांगा."

९ मार्च

काकांच्या दुकानात गेले. डोळ्याला भिंग लावलेलं, तरी पडलेला स्क्रू बोटांनी चाचपून शोधत होते. मी सगळं कबूल केलं. काकू शेजारीच होत्या, 'बसा'सुद्धा म्हणाल्या नाहीत. बरोबरच आहे त्यांचं.

काका म्हणाले, "मग बाई, रिमोट म्हणजे नक्की किती लांब?"

हजारात एक — अगदी ओठांवर आलं होतं. पण आकडा ऐकला की हा माणूस पुन्हा माघार घेणार, आणि चार महिन्यांत आंधळा होणार.

"म्हणजे नाहीच, काका," मी म्हणाले.

"मग तसं लिहायचं होतंत की," म्हणून हसले. मी नेलेल्या संमतीपत्रावर तिथंच सही केली.

१४ मार्च

ऑपरेशन झालं. वीस मिनिटांत! डॉक्टर खूश. माझा जीव भांड्यात पडला. नवं संमतीपत्रही छापायला दिलं, आता 'नगण्य' लिहिलंय.

१८ मार्च

काकांचा डोळा लाल झालाय, ठणकतोय.

२१ मार्च

जंतुसंसर्ग. डोळा गेला.

डॉक्टरांनी माझ्यादेखतच विचारलं, "हजारात एखाद्याला असं होतं, हे बाईंनी तुम्हाला सांगितलं होतं ना?" काकूंनी तोंड उघडलं, तेवढ्यात काकांनी चाचपत त्यांचा हात धरला.

"सांगितलं होतं," काका म्हणाले.