हलणारी वत्सला

३ एप्रिल
फर्रर्र. मराठीच्या पुस्तकाची पानं अंगठ्याखालून सुटतात तो आवाज. आज पंखा वाढवला तेव्हा टेबलावरच्या जुन्या मासिकानं तोच काढला, आणि मी किती वेळ तिथंच उभा राहिलो.
थोरला भाऊ कवितांच्या पानांच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एक माणूस काढायचा. पानागणिक त्याचा हात थोडा वर. पानं सोडली की माणूस हात हलवायचा. वर्ग चालीवर कविता म्हणतोय आणि बाकाखाली आमचा माणूस हात हलवतोय. गुरुजींनी पुस्तक हिसकून घेतलं, स्वतः दोनदा फर्रर्र करून पाहिलं, मग छडी घेतली. त्या कवितांच्या ओळी अजून येतात, मध्ये मध्ये तुटतात. भाऊ गेला त्यालाही बरीच वर्षं झाली.
बाकी विशेष काही नाही. ऊन फार.

५ एप्रिल
गांधीबागेच्या बाजारात मोहोड मॅडमच्या फ्लेक्सच्या दुकानात गेलो. बायकोचा, म्हणजे व.चा, फोटो मोठा करून फ्रेम करायचा आहे, वर्षश्राद्ध पंचवीसला आहे. (ती असताना रोजनिशीत नुसतं व. लिहायचो, कारण ती चोरून वाचायची. आता वत्सला असं पूर्ण लिहायला हरकत नाही. पण हात व.वरच थांबतो.)
मॅडमच्या पडद्यावर एका कापडदुकानाच्या शुभेच्छा होत्या. त्यातल्या समईची ज्योत हलत होती. इवलीशी, परत परत तेच. विचारलं, हे कसं?
"काही नाही जी काका, चार फोटो एकामागं एक लावले का झालं. जिफ म्हणते त्याले. तुमच्या घरी लॅपटॉप आहे ना? फुकटवालं सॉफ्टवेअर टाकून दे म्हणा तुमच्या अभयले."
मला समईपेक्षा भावाचा माणूस आठवला. मग ते अकरा फोटो.

६ एप्रिल
अकरा फोटो म्हणजे मागच्या उन्हाळ्यातले. व. गच्चीवर मुंगवड्या वाळत घालत होती. मी फोटो काढायला गेलो आणि बटणावरचा अंगठा उचललाच नाही, तर एकाचे अकरा निघाले. अकराच्या अकरा अभयला पाठवले. तो तेव्हा हिंगण्याला कंपनीत, ड्यूटीवर. "बाबा, एकच पाठवत जा ना!" तो फोन नंतर एक्स्चेंजमध्ये दिला. आता आहेत ते अभयकडच्या व्हॉट्सअ‍ॅपवरचे, क्रम-बीम काही नाही, सगळ्यांवर एकच वेळ.
त्यानंतर महिन्याभरात व. गेली. वड्या आम्ही पावसाळ्यात खाल्ल्या. संपल्या.

९ एप्रिल
सॉफ्टवेअर शिकतो आहे. प्रत्येक फोटो म्हणजे एक थर. हात कुठं आहे ते पाहून अंदाजानं क्रम लावला, अकरा थर एकावर एक रचले, मग त्यांच्या फ्रेमा करायच्या. प्रत्येक फ्रेम किती वेळ दिसावी ते सांगायचं. शेवटी विचारतं: एकदाच चालवू की कायम? मी 'कायम' केलं. कवितेत ध्रुवपद असतं ना, तसं. कडवं संपलं की परत तिथंच यायचं. गुरुजी म्हणायचे, ध्रुवपद जो कंटाळून म्हणेल त्यानं कविता म्हणूच नये.
चित्र फार जड झालं, चालेना. मॅडमला फोन. त्या म्हणाल्या, कापा. आजूबाजूचं सगळं उडवा, नुसता चेहरा न् हात ठेवा. कापलं.

१० एप्रिल
झालं.
हात पुढं लांब केलेला, तिथून बोटं मिटत हात छातीशी येतो. परत लांब, परत छातीशी. बांगड्या किंचित सरकतात. मान थोडी तिरपी. तिची मान अशीच असायची का, ते नक्की सांगता येत नाही. त्या दिवशीही मी तिच्याकडे पाहत नव्हतो, फोनकडे पाहत होतो.
पाच-पन्नास वेळा पाहिलं असेल. वाटलं होतं, काहीतरी होईल. काही झालं नाही. चहा केला, प्यालो.
मग घरच्या ग्रुपवर टाकलं.

११ एप्रिल
सकाळी अभय ड्यूटीला जाता जाता, हेल्मेट हातात. "बाबा, ग्रुपवर काहून टाकलं ते? सांगायचं तर असतं."
"काय झालं?"
"काय झालं म्हणजे? आई बोलावून राहिली ना त्याच्यात. ये, ये म्हणते."
रेखा आतून आली. सून आहे, पण व.शी भांडायची लेकीसारखी. "मले तर भेवच वाटलं जी बाबा. सकाळी सकाळी उघडलं न् आत्याबाई हात करून राहिल्या."
मी परत पाहिलं. खरंच, ये म्हणते आहे. काल मला हे दिसलं कसं नाही? बांगड्या पाहत बसलो होतो.

१२ एप्रिल
उमरेडहून माईचा फोन. माई म्हणजे व.ची थोरली बहीण. गुडघे गेलेले, एसटीची पायरी चढवत नाही म्हणून कुठं येत-जात नाही. व. गेली तेव्हाही आल्या नाहीत. अभयच्या लग्नाला आल्या होत्या, त्यानंतर या घरात पाय नाही.
"भाऊजी, तुमाले काही समजते का?"
मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
"दहाव्याले कावळा शिवला नाही तिच्या पिंडाले. होय का नाही? दर्भाचा कावळा करा लागला. तवाच म्या म्हटलं, वत्सलाची काही इच्छा राहिली. न् आता तुम्ही तिले हात करायले लावता! तुमाले बोलावून राहिली ते. पुसा. आताच्या आता पुसा."
"पुसतो."
"माह्या फोनातून कसं पुसते?"
मी सांगितलं, बोट दाबून धरा, कचऱ्याचा डबा दिसेल, तो दाबा.
दहाव्याचा तो घाट मला आठवतो. ऊन, भाताचे गोळे, समोरच्या झाडावर कावळे, एकही खाली येत नाही. अभय हात जोडून मोठ्यानं म्हणाला, आई, बाबांची काळजी करू नको, मी आहे. रेखा म्हणाली, तुमची भांडी कोणाला देणार नाही. काहीच नाही. मला म्हणाले, बाबा, तुम्ही म्हणा काही. मला काही सुचलं नाही. हजार ओळी पाठ असलेला माणूस. शेवटी भटजींनी दर्भाचा केला.

१३ एप्रिल
पुसलं नाही. ग्रुपवरून अभयनं काढायचा प्रयत्न केला, तर म्हणे वेळ टळून गेली, आता सगळ्यांकडून जात नाही. ज्याचं त्यानं पुसायचं.
बोलावत असेल तर बोलावू दे, असं मनात आलं. त्यात दुःख नव्हतं, भीती नव्हती. बस चुकली काय आणि मिळाली काय, तसं. हे बरं नाही, एवढं कळतं. रेखाला सांगितलं. तिसऱ्या प्रहरी ती भाजी निवडायला माझ्या खोलीत येऊन बसली. उद्यापासून सकाळी बागेत चालायला जायचं ठरलं, तिच्याबरोबर. बरं.

१६ एप्रिल
तीन दिवस चाललो. पाय दुखतात, म्हणजे आहेत.
फ्रेमचा फोटो पसंत करायला मॅडमकडे गेलो, लॅपटॉप घेऊन. म्हटलं, माझ्या जिफचा हात थोडा कमी हलेल असं करून द्या. लोक घाबरतात.
मॅडमनं सगळं पाहिलं. "काका, हे तुम्ही कापलेलं आहे. ओरिजिनल द्या." अकरा फोटो पूर्ण उघडले, माझ्याच क्रमानं लावले, चालवलं. आणि बाई हसायलाच लागल्या. मग जीभ चावली.
"काका, कावळा पहा."
गच्चीच्या कठड्यावर कावळा. मी चेहरा ठेवला, कावळा कापला होता.
"उलटा उडून राहिला तो. शेपटीकडून येऊन बसते का कावळा कधी? तुमचे थर उलटे लागले जी. शेवटचा फोटो पहिले आला."
त्यांनी क्रम फिरवला. परत चालवलं.
हात छातीशी. तिथून झटक्यात पुढं, बोटं उघडी. कावळा कठड्यावरून उडतो, पंख पसरून, चित्राबाहेर. हात परत छातीशी. कावळा परत कठड्यावर. हाड. हाड. हाड.
वड्यांवरचा कावळा हाकलत होती.
"काढून टाकू कावळा?" मॅडम म्हणाल्या. "दोन मिनिटांचं काम आहे, आभाळ भरून देतो त्या जागी."
नको म्हटलं.

१७ एप्रिल
सांगितल्यावर अभय जेवता जेवता हसला, अगदी ठसका लागेपर्यंत. "म्हणूनच दहाव्याले आला नसन तो! आईनं हाकललेला होता ना!" रेखानं त्याला दटावलं आणि स्वतःच पदर तोंडाला लावला. या घरात असं हसू वर्षभरात झालं नव्हतं. मीही हसलो बहुतेक. गाल ताणल्यासारखे वाटले.
रेखा म्हणते, श्राद्धाच्या दिवशी हेच टीव्हीवर लावू, म्हणजे सगळ्यांच्या मनातली भीती जाईल. जुनं मात्र पुसून टाका, बाबा. अभयही तेच म्हणाला. बरोबर आहे त्यांचं. खरं ते ठेवावं, चुकलेलं पुसावं. पाटीपासून तेच शिकलो.
माईंना अजून कळवलं नाही. फोन करतो, करतो म्हणून राहून गेलं.

१८ एप्रिल
लॅपटॉपवर दोन आहेत. व-१, त्यात ती बोलावते. व-२, त्यात ती कावळा हाकलते.
व-२ खरी आहे. व-२मध्ये ती माझ्याकडे पाहतसुद्धा नाही. मोठं करून पाहिलं, नजर कठड्याकडे. मी समोर उभा, हातात फोन. तिच्या लेखी मी नाहीच. वड्या आहेत, कावळा आहे.
व-१ खोटी आहे. पण व-१मध्ये तीच आहे. तीच अकरा चित्रं, एकही कमी नाही.
एक दोन ओळी जुळवून पाहिल्या, ध्रुवपदासारख्या. 'हाड'ला 'झाड'पलीकडं यमक येईना. सोडून दिलं.

२० एप्रिल
आज व-१ पुसायचं म्हणून बसलो. बटण दाबलं की ते विचारतं, नक्की पुसू? नको दाबलं. परत. नक्की पुसू? परत नको.
रेखानं दारातून विचारलं, झालं का जी बाबा?
झालं म्हटलं. खोटं बोललो. तिनं चहा आणून ठेवला.

२१ एप्रिल
अभय ड्यूटीवर. रेखा श्राद्धाचं सामान आणायला इतवारीत गेली आहे. अकराच्या सुमारास बेल वाजली. वाटलं, फ्रेम घेऊन मोहोड मॅडमचा माणूस असेल.
माई.
एकट्या. एका हातात काठी, एका हातात पिशवी. श्वास लागलेला, कपाळावर घामानं कुंकू उतरलेलं. मागं ऑटोवाला उभा, "आजी, सांभाळून." हात धरून आत घेतलं. पंख्याखाली बसवलं. पाणी दिलं.
"माई, एसटीनं आल्या?"
"मंग का विमानानं? कंडक्टरनं दंड धरून चढवलं." पाणी संपवलं. मग, "पुसलं का तुम्ही?"
मी रिकामा पेला उचलला.
"म्या पुसलं माह्यातलं. तुम्ही सांगतलं तसं, डबा दाबून. अन् पुसल्यावर भाऊजी, घास उतरेना मले. लेकाले म्हटलं, परत आण. तो म्हणे, आता येत नाही."
मग म्हणाल्या, "म्या लय विचार केला. तुमाले कायले बोलावन ते? तुम्ही त घरातच होते तिच्याजवळ. आली नोती ते मी. शेवटले तिनं निरोप धाडला, माईले आना, अन् म्या म्हटलं, गुडघे. मलेच बोलावून राहिली ते. म्हणून आली." काठी भिंतीला टेकवली. "आता एक डाव दाखवा. तुमच्यापाशी असन ना?"
हो म्हटलं. आहे.
माई मोरीत हातपाय धुवायला गेल्या आहेत. तोंड धुऊन पाहते म्हणाल्या, अशा तोंडानं नाही. लॅपटॉप समोर उघडा आहे. व-१ आणि व-२ शेजारी शेजारी. चार दिवसांपूर्वी फोन करून कावळ्याचं सांगितलं असतं तर. नाही केला. यातलं कोणतं उघडायचं, एका बोटाचं काम आहे आणि बोट थरथरतं आहे. वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी थरथरतं आहे माझं.
नळ बंद झाला. त्या येताहेत, भिंत धरून.