मिस लोरेनची गोष्ट

रविवार, संध्याकाळ. ट्रॉय, डेट्रॉइटजवळ.

आज परत डेट्रॉइटच्या चर्चमध्ये आमचा प्रोस्टेट कॅन्सर तपासणीचा कार्यक्रम. ब्लॅक पुरुषांना हा कॅन्सर जास्त होतो, पण टेस्टला कोणी येत नाही. म्हणून दर वेळी मी मिस लोरेनना (इथे वयस्कर बायकांना, लग्न झालेलं असलं तरी, मानाने 'मिस'च म्हणतात) बोलायला बोलावते. त्यांचे मिस्टर यातच गेले.

आज त्या वेगळंच बोलायला लागल्या. मिस्टर मासे किती छान तळायचे, कशात घोळवायचे... हसत होत्या. आणि मी? मागून घड्याळ दाखवलं! मग त्या हॉस्पिटलवर आल्या. माणसं टेस्टला उठलीही. झालं ना काम?

थकलेय.

गाडीत बसताना म्हणाल्या, "सॉरी हं बेटा, पुढच्या वेळी मरणापासूनच सुरू करते."

मासे कशात घोळवायचे, ते राहूनच गेलं.