नव्वद दिवस न ऐकलेला आवाज

प्रिय दादा,

सोमवारी तुझा फोन मी मुद्दाम उचलला नाही. मीटिंगमध्ये होते असं नंतर कळवलं, ती थाप होती. तुझ्याशी बोलताना रडू फुटेल अशी भीती वाटली, म्हणून हाताने लिहायला बसले आहे. अक्षराला हसू नकोस, कीबोर्ड बडवून बडवून त्याची पार वाट लागली आहे.

वहिनीचा आवाज जाणार असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तू माझंच सॉफ्टवेअर घेतलंस. धाकटीने केलंय म्हणजे बघायलाच नको, असं शेजाऱ्यांनाही सांगायचास. मग वहिनी रोज सकाळी खिडकीपाशी बसून वाक्यं रेकॉर्ड करायची, पुढे बटण दाबून बोलता यावं म्हणून. चारशे बारा वाक्यं, आणि त्यातली निम्मी तुला रागावण्याची! ओला टॉवेल पलंगावर टाकू नका, हे तर तिने तीन वेगवेगळ्या सुरांत करून ठेवलं होतं. आवाज गेल्यावरही तिने तुला सोडलं नाही, आणि तू त्यावरही खूश असायचास.

माझं काम तुला कधी नीट सांगितलंच नाही. हे सॉफ्टवेअर फुकट आहे. कुणीही उघडून पाहावं, दुरुस्ती सुचवावी. ती आत घ्यायची की नाही, हे ठरवणारी मी एकटी. ओळ न् ओळ तपासायची आणि खाली ‘वाचलं’ असं लिहून नाव घालायचं, हा माझा अकरा वर्षांचा नेम. त्या एका शब्दावर लोक विसंबतात. हल्ली दुरुस्त्या एआयकडून लिहून येतात, दिवसाला तीस-चाळीस. नेटक्या, चाचण्या पास झालेल्या, सोबत गोड स्पष्टीकरण. त्यात एक आली, फोनमधली जागा वाचवणारी. मी थकले होते. स्पष्टीकरण तेवढं वाचलं, कोड उघडलासुद्धा नाही, आणि खाली ‘वाचलं’ लिहून मोकळी झाले. एआयकडे बोट दाखवून मला हात झटकता येणार नाहीत. नाव माझं आहे.

वहिनी गेल्यावर तिचा आवाज ऐकायचा तुला धीर झाला नाही. तीन महिन्यांनी लेकीच्या हट्टाखातर उघडलंस, तर सगळं रिकामं, जपून ठेवलेली दुसरी प्रतही पुसलेली. नवा फोन घेताना आपणच काहीतरी चुकीचं दाबलं, असं तू धरून बसलास. आईचा आवाज बाबांनी घालवला म्हणून पोर तुझ्याशी बोलत नाही, आणि तू मान खाली घालून सोसतोस. मला खरं कारण कळून पाच आठवडे झाले. नव्वद दिवस न ऐकलेली वाक्यं नकोशी समजून दुसऱ्या प्रतीसकट पुसावीत, असं मी न वाचलेल्या त्या दुरुस्तीत होतं. कळलं त्याच दिवशी मी ती काढून टाकली, पण कारण कुणाला सांगितलं नाही. तुलाही नाही. उद्या सगळ्या वापरणाऱ्यांना सांगणार आहे. दादा, तू काहीही चुकीचं दाबलं नव्हतंस. तुला ऐकवत नव्हतं, एवढंच. हे पत्र पोरीच्या हातात दे. तिच्या आईचा आवाज आत्याने घालवला, बाबांनी नाही.

तुझीच,
धाकटी