खारूच्या जागेची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय अठ्ठावन्न, अविवाहित, वजनमापे खात्यातून निवृत्त, हे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. शरीराबद्दल तसे म्हणता येत नाही. डॉक्टरांनी सहा महिने दिले आहेत. आईवडील मला 'खारू' म्हणतात, कारण लहानपणी मी खिशात शेंगदाणे लपवत असे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. धाकट्या भावाने परदेशातून फोनवर सल्ले दिले, पण त्याला दबाव म्हणणे म्हणजे त्याचे कौतुकच.

१. आईबाबा राहतात तो फ्लॅट माझ्या नावावर आहे. ते दोघे हयात असेपर्यंत तो कोणी विकू नये. त्यांच्यामागे तो ब्यूरोच्या ताईंना मिळावा. माझी बँकेतली ठेव त्यांच्या पगारासाठी राखून ठेवावी.

आईला विसर पडू लागला तेव्हा, दीड वर्षापूर्वी, ताई दोघांना सांभाळायला रुग्णसेवा ब्यूरोकडून घरी आल्या. ब्यूरोच्या अर्जात 'रुग्णाच्या सवयी' या शीर्षकाखाली दोन ओळी होत्या. जन्मभर दुकानदारांचे काटे तपासलेली मी. मी एकेचाळीस पाने जोडली. पाणी मागण्याआधी बाबा खुर्चीचा हात चोळतात. आईची वेणी डावीकडून सुरू करावी. दारात चपला एकावर एक टाकाव्यात, म्हणजे आई ओरडते आणि तिला बरे वाटते. खारू घरात काय करते तेच सगळे लिहून दिले. चूक झाली असेल तर ती तिथेच.

उपचारांत माझे केस गेले. त्या अवतारात आईसमोर जायचे नव्हते, म्हणून चार महिने दूर राहिले. परत आले तेव्हा दार आईने उघडले. म्हणाली, "कोण पाहिजे?" आतून ताईंनी विचारले, "आई, कोण आहे गं?" आणि आई वळून म्हणाली, "कोणी नाही, खारू. ब्यूरोच्या बाई दिसतात."

ताई डावा पाय किंचित ओढत बाहेर आल्या. तसा पाय मी ओढते, आठवीत जिन्यावरून पडल्यापासून. हे एकेचाळीस पानांत कुठेही नव्हते. मी विचारले तेव्हा त्या घाबरल्या. "खरं सांगू? आई हाक मारते ना, तेव्हा पाय आपोआपच तसा पडतो." सुरुवातीला ताई तिला 'आजी' म्हणायच्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटली, आणि हेवाही वाटला.

२. माझ्याकडचा जुना पितळी वजनांचा संच शेजारच्या घड्याळजींना द्यावा. त्यातले पन्नास ग्रॅमचे वजन हलके आहे. तो दोष माझा नाही.

३. माझा मोबाइल भावाला द्यावा. घरचा फोन वाजला की उचलायचा असतो, ही सवय त्याला उशिरा का होईना लागेल.

४. सर्वांत महत्त्वाचे. मी गेल्याचे आईबाबांना कोणीही कळवू नये. फोटोला हार नको, भावाने रडत येऊ नये. ताईंनी 'खारू' या हाकेला ओ देत राहावे. आईचे मूल तिच्याआधी गेले हे तिला कळू नये, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

५. हे कलम आज हाताने वाढवत आहे. दोन्ही साक्षीदार याच इमारतीत राहतात, म्हणून सहीसाठी मी आईबाबांच्या घरी आले. बाबा बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या भिंतीला लावत होते. "उद्या माणसं येतील," म्हणाले. कोण ते सांगेनात.

ताई औषध आणायला गेल्या तेव्हा आईने मला जवळ बसवले. "बाई, एक सांगते, कुठे बोलू नका. आमची खारू गेली हो. मंगळवारी, सकाळचा चहा व्हायच्या आत."

तिने दाराकडे पाहिले आणि आवाज आणखी खाली आणला.

"ह्या पोरीला कळू देऊ नका बरं का. तिला वाटतं, तीच खारू आहे. जीव लावते बिचारी. कशाला तिचं मन मोडायचं?"

"नाही सांगणार," मी म्हणाले.

"आणि रुमाल नीट बांधा डोक्याला. वारा लागेल." तिने तो स्वतःच बांधला. गाठ लहानपणी बांधायची तशीच, डाव्या कानामागे. मला तिच्या मांडीवर डोके ठेवायचे होते. ठेवले नाही. ब्यूरोच्या बाई तसे करत नाहीत.

तरी कलम चार रद्द समजावे. आईला कळवण्याची गरज उरलेली नाही. ताईंना मात्र कोणी काही सांगू नये.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

सही: खारू

साक्षीदार: १. शेजारचे घड्याळजी. २. वरच्या मजल्यावरचे डॉक्टर. सही करणारी पूर्ण शुद्धीत असल्याचे त्यांनी तपासून लिहिले आहे.

स्थळ: आईच्या स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक सतरा, दुपारी चार. वार सोमवार.