वर राहिलेली अनामिका

४ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

पोहोचले, आणि पहिली फेरीही पार पडली. आल्या आल्या सगळ्यांचे फोन काढून घेतले. स्पर्धा संपेपर्यंत बाहेर बोलायचं नाही, पत्र मात्र चालतं म्हणे. खोलीत माझ्याबरोबर एक निवृत्त नर्सबाई आहेत. त्या जेवणाच्या टेबलावरही बोटं वाजवतात आणि चुकलं की स्वतःलाच रागावतात. सगळे आमच्यासारखेच, दिवसभर दुसरं काम करून घरी पियानो वाजवणारे. मी कवळ्या बनवते म्हटल्यावर निम्म्या लोकांनी माझ्याकडून आपापले दात तपासून घेतले.

आता मुद्द्याचं. वाजवून झाल्यावर परीक्षकबाईंनी बाजूला बोलावून विचारलं, उजव्या अनामिकेला काय झालंय? मी म्हटलं, काही नाही. मग त्यांनी वरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण दाखवलं. ताई, माझी अनामिका पूर्ण वेळ वर उभी आहे, वर्गात बाहेर जायची परवानगी मागणाऱ्या मुलीसारखी. एकदाही पट्टीला टेकत नाही. कवळीत दात बसवताना हेच बोट सगळ्यात कामाचं, आणि इथे नुसतं ऐतखाऊ. मी नऊ बोटांनी वाजवते, हे मला छत्तिसाव्या वर्षी कळतंय.

बाई म्हणाल्या, अंतिम फेरीतली जलद रचना नऊ बोटांनी निघायची नाही. तीन आठवड्यांत बोट खाली आणा, नाहीतर हसं होईल. कुणी शिकवलं, हेही विचारलं. मी एवढंच म्हटलं, बहिणीने. पण बहिणीची उजवी अनामिका कागद कापायच्या यंत्रात गेली, हे मी नर्सबाईंपाशी बोलून बसले होते. ते स्पर्धा टीव्हीवर दाखवणाऱ्या कार्यक्रमाच्या मुलीच्या कानावर गेलं. आता त्यांना घरी येऊन तुझ्या हाताचं चित्रण करायचंय. तुला विचारून सांगते म्हटलंय.

तुला कधी दिसलं होतं का गं, माझं बोट?

भावोजींना नमस्कार. लोभ आहे तो असू दे.
तुझी,
ठकू

९ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुला टीव्हीवर पाहिलं, म्हणजे बरंचसं ह्यांचं टक्कल पाहिलं, इतके जवळ जाऊन बसले होते. कॉलर एका बाजूने आत गेली होती. तिथे आरसा नाही का? वाजवलंस मात्र छान. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी जिन्यात थांबवून सांगितलं की मुलगी हसली असती तर आणखी बरं झालं असतं.

आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात नवं कटिंग मशीन आलंय. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय पातं खाली येत नाही. सगळ्यांनी मला पहिल्यांदा दाबायला लावलं. दाबलं.

चित्रण वगैरे नको. बोट गेलं त्या दिवशी कुणी बघायला थांबलं नव्हतं, आता काय बघायचंय? तुझ्या बोटाचं म्हणशील, तर माझ्या काही लक्षात आलं नव्हतं. तू वाजवायचीस, मी आपली स्वयंपाक करता करता ऐकायची. परीक्षकबाई सांगतात तसं कर. पोटभर जेव.

आठवण ठेव, आम्ही ठेवतोच.
तुझी,
ताई

१४ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

त्या मुलीला नाही म्हणून सांगितलं. तिने तोंड वाकडं केलं, पण पुन्हा विचारलं नाही.

रोज पाच तास बसते. ही अनामिका म्हणजे जावई झालीय. बाकीच्या चौघी राबतात, ही हातावर हात ठेवून बसते, आणि कामाला लावली की सगळ्यांचा खोळंबा. जलद रचना आता कुठे जमू लागलीय. तू शिकवलेली संथ रचना मात्र बिघडलीय. दहा बोटांनी ती बरोबर वाजते, पण कुणा दुसरीनेच वाजवल्यासारखी. बाई म्हणतात सवय होईल. दोन्ही वाजवायच्या आहेत, आणि पहिल्या तिघांत यायचं असेल तर दोन्हींत बोट खाली हवं.

आणखी एक, रागावू नकोस. तू स्वयंपाक करता करता कधीच ऐकलं नाहीस. तू माझ्या उजवीकडे, त्याच स्टुलावर अर्धी बाहेर बसायचीस. मला पडायची भीती वाटायची, माझी नव्हे, तुझी. पाचशे पानांच्या गठ्ठ्यात एक पान तिरकं असलं तरी तुझ्या नजरेतून सुटत नाही. खरं काय ते लिही.

रागावलीस तरी पत्र पाठव.
ठकू

१९ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

दिसलं होतं. तू सात वर्षांची होतीस, मी एकवीस.

बोट गेल्यावर चार महिने मी पियानोचं झाकण उघडलं नव्हतं. मग एक दिवस तू स्टुलावर चढलीस आणि म्हणालीस, दाखव. माझ्याकडे होतं तेवढ्यानेच दाखवलं. तू हुबेहूब उचललंस. आठवड्याभरात लक्षात आलं की तुझी अनामिका वर राहते. टपली मारून बोट खाली ठेवायचं, एवढंच काम होतं. हात पुढेही केला होता. पण मला वाटलं, माझ्यासारखं वाजवणारं कुणीतरी आहे. आजचा दिवस राहू दे, उद्या सांगू. त्या उद्याला एकोणतीस वर्षं झाली. पुढे पुढे सांगायचीच लाज वाटू लागली.

आमच्याकडे सोळा पानांचा एखादा फर्मा उलटा शिवला गेला, तर पुस्तक तसंच पुढे ढकलत नाहीत. शिवण उसवून पुन्हा शिवतात. मी ढकललं, उसवायचं काम तुझ्या वाट्याला आलं. दोन्ही रचनांत बोट खाली ठेव. माझी म्हणून संथ रचनेला वेगळं काही करू नकोस. माझ्यामुळे तुझा नंबर जायला नको.

अंतिम फेरीला आम्ही दोघं येऊ. शेवटच्या रांगेत बसू. हात कोटाच्या खिशात राहील.

माफ कर म्हणत नाही. जमलं तर कर.
ताई

१ मार्च

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

काल फेरीनंतरच्या गर्दीत जेमतेम पाच मिनिटं मिळाली, आणि भावोजींनी तीही फोटोंत घालवली. आम्हाला अजून दोन दिवस ठेवून घेतलंय, उरलेलं चित्रण आहे. शेवटच्या रांगेतून तुला बोटं दिसली नसतील, म्हणून लिहिते.

जलद रचनेत अनामिका खाली होती. दोनदा घसरली, पण राबली. परीक्षकबाई मान डोलवत होत्या. मग संथ रचना. ठरवून बसले होते, दोन्हींत खाली. पहिलं पान तसंच गेलं. दुसऱ्या पानावर, तू जिथे नेहमी माझ्या बाजूला जरा झुकायचीस तिथे, ती आपोआप वर गेली. मला कळलं. खाली आणता आली असती. नाही आणली.

बाईंनी नंतर विचारलं, इतकं शिकवून पुन्हा तेच? मी म्हटलं, तेवढ्या रचनेत ती जागा राखीव आहे. कुणासाठी, ते त्यांनी विचारलं नाही. गुण मात्र कापले, आणि कापायलाच हवे होते. चौथा नंबर. नर्सबाई तिसऱ्या आल्या. रात्रभर स्वतःला रागावल्या नाहीत.

चौथं बोट, चौथा नंबर, असं भावोजी आता वर्षभर म्हणणार. म्हणू दे.

मंगळवारी पोहोचते. पियानोवर तू दाबायला ठेवलेले पुस्तकांचे गठ्ठे काढून ठेव. जलद रचनेला अजून खूप काम आहे आणि शेजारी बसणारं कुणी हवं. उजवीकडे बस, पूर्ण स्टुलावर, मी सरकेन. बोट वर राहिलं की टपली मार.

एखाद्या वेळी नाही मारलीस तरी चालेल.

लोभ आहे, तो असाच राहू दे.
तुझी,
ठकू